कपाटभर खेळ, घटकाभर वेळ

अमेरिकेतल्या बफेलो शहरात राहणाऱ्या मायकेल थॉमासन यांनी जून २०१४मध्ये आपला व्हिडिओ गेमचा संग्रह लिलावात काढला. जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनीज बुकात त्याची आधीच नोंद झाली होती आणि एव्हाना त्यातले गेम ११ हजारांच्या घरात गेले होते. बोली ७,५०,२५० डॉलरपर्यंत चढली. वर्तमानपत्रांना मथळ्यासाठी तेवढं पुरलं. यादीतली खरी गंमत मात्र आणखी एका आकड्यात होती : यातल्या २,६००हून जास्त गेमचं कारखान्यातलं प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं. जवळजवळ पाव संग्रह कधी यंत्राला लागलाच नव्हता.

थॉमासन यांचा पहिला गेमही तसाच पडून राहिला होता. लहानपणी नाताळात आजी-आजोबांनी त्यांना ‘कॉस्मिक अ‍ॅव्हेंजर’ भेट दिला. पण तो ज्यावर चालतो ते कोलेकोव्हिजनचं यंत्र घरात नव्हतंच. पैसे जमवून ते येईपर्यंत काही महिने गेले. तोवर खोका उलटसुलट करून पाहायचा, एवढंच.

गेम घेणं एकीकडे आणि खेळणं दुसरीकडे, ही फारकत आज घरोघर दिसते. तिचं खापर सहसा खेळणाऱ्याच्या आळसावर किंवा हावरटपणावर फोडलं जातं. गेल्या पन्नास वर्षांतला या धंद्याचा हिशोब पाहिला, तर दोष दुकानदाराच्या गल्ल्याकडे जास्त जातो.

घरात गेमची चळत लागायची, तर आधी गेम यंत्रापासून सुटा व्हायला हवा होता. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक घरगुती यंत्रांत खेळ कारखान्यातच बसवून येत. ‘पाँग’चं यंत्र आणलं की ते मोडेपर्यंत ‘पाँग’च. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने ‘चॅनल एफ’ बाजारात आणलं. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या हाताखालच्या गटाने त्यात गेमची चिप प्लॅस्टिकच्या डबीत घालून यंत्राबाहेर काढली होती. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचं यंत्र आलं, १९९ डॉलरला, आणि त्याच्यासोबत बाजारात नऊ कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या डब्या. यंत्र एकदा विकायचं आणि डब्या वर्षानुवर्षं विकत राहायचं, हे गणित तिथून पक्कं झालं.

गणित इतकं फायद्याचं होतं की सगळेच त्यात उतरले. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरनी १९७९मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली, ती निदान जाणकारांची कंपनी होती. पुढे ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही गेमचा विभाग उघडला. कुत्र्यांच्या खाद्याची जाहिरात करणारा गेमसुद्धा निघाला! १९८२च्या नाताळासाठी ‘ई.टी.’ हा गेम अटारीचे प्रोग्रॅमर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवड्यांत उरकावा लागला. माल इतका झाला की ३०-३५ डॉलरच्या कार्ट्रिज पाच डॉलरच्या ढिगात आल्या. अमेरिकेत या धंद्याची उलाढाल १९८३मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलर होती. १९८५पर्यंत ती १० कोटींवर घसरली.

पण ग्राहकाच्या बाजूनेही पाहायला हवं. पाच डॉलरला गेम मिळतोय म्हटल्यावर एकाच्या जागी चार घेणारी मुलं याच काळातली. स्वस्ताईतून साठणारा ढीग जगाने पहिल्यांदा पाहिला तो इथे.

न खपलेल्या मालाचं काय झालं, ती कथा आता दंतकथेइतकी प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९८३मध्ये अटारीने ट्रक भरभरून कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २६ एप्रिल २०१४ला तिथे खोदकाम झालं आणि सुमारे १,३०० गेम वर निघाले. चेपलेले, मातीने भरलेले, तीस वर्षांच्या कचऱ्याचा वास मारणारे. गावच्या नगरपालिकेने त्यातले कित्येक प्रमाणपत्र जोडून ऑनलाइन लिलावात विकले आणि लाखभर डॉलर कमावले. एक ‘ई.टी.’ स्मिथसोनियन संग्रहालयात पोचला. यातली एखादी कार्ट्रिज यंत्रात घालून खेळायचा विचार घेणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आला असेल, असं वाटत नाही.

निन्टेन्डोने या पडझडीतून धडा घेतला. १९८५पासून अमेरिकेत विकलेल्या आपल्या यंत्रात तिने कुलूपवजा चिप बसवली आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली. गेम पुन्हा महाग झाले, मोजके झाले. नाताळात एक, वाढदिवसाला एक, आणि वर्षभर त्याच दोघांचा फडशा.

भारतात हे यंत्र बहुतेकांच्या घरी आलं ते नकलेच्या रूपात. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर (याच यंत्राच्या जपानी रूपावर) बेतलेली ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ असल्या नावांची यंत्रं नव्वदच्या दशकात खेळण्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत लागली. कार्ट्रिजला इथे सगळे ‘कॅसेट’च म्हणत. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. हा मंत्र मुंबईपासून चंद्रपूरपर्यंत प्रत्येक पोराला पाठ होता. मे महिन्याच्या सुट्टीत कॅसेट भाड्याने मिळे. जुनी देऊन वर थोडे पैसे टाकले की दुसरी बदलून मिळे. ज्याच्याकडे यंत्र नाही तो गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजायचा किंवा शेजाऱ्याच्या दारात ताटकळत उभा राहायचा.

अशा घरात न खेळलेला गेम कुठून असणार? ‘कॉन्ट्रा’ संपवून पुन्हा पहिल्यापासून, मग दोघांनी मिळून, मग एकही लाइफ न घालवता. वानवा हीच त्या काळाची खरी शिस्त होती, आणि तिचं आज जेवढं कौतुक होतं तेवढं तेव्हा मुलांना वाटत नसे. त्यांची नजर दुकानातल्या ‘९९९९ इन १’ कॅसेटवर असे. तिचं पोट उघडून पाहण्यासारखं होतं. पडद्यावर लांबलचक यादी येई, पानामागून पान. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम वगैरे. पुढच्या पानावर तोच मारिओ दुसऱ्या नावाने, त्याच्या पुढे कॉन्ट्रा थेट तिसऱ्या स्टेजपासून, आणखी पुढे तोच पुन्हा जास्तीच्या लाइफ देऊन. खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही नुसत्या एक-दोन गेमच्या कॅसेटपेक्षा लोक तिलाच पसंती देत. खेळता येतील त्याहून जास्त गेम हाताशी असल्याचं सुख दुकानदाराला विकता येतं, हे या कॅसेटच्या कारागिरांना फार आधी उमगलं होतं.

पुढे सीडी आली. तेव्हा मुंबईहून निघणाऱ्या ‘डिजिट’ मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींत गेमचे डेमो असत; त्या सीडी कोणी टाकून देत नसे आणि सगळ्या कोणी पाहतही नसे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर तर गेमच्या चोरट्या प्रतींचा उघड बाजार भरे. तिथली पिशवी घरी आली की दोन गेम चालत, दोन चालत नसत आणि उरलेले ‘नंतर बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये जात.

खरा कायापालट झाला तो अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ने. १२ सप्टेंबर २००३ला सुरू झालेली, इंटरनेटवरून गेम पोचवणारी ही सेवा आधी लोकांना नकोशी होती. २००४मध्ये व्हॉल्व्हचाच ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा तर स्टीम घ्यावंच लागे, म्हणून ते घेतलं गेलं. २००५पासून इतर कंपन्यांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले आणि मग उन्हाळ्याचे, नाताळाचे सेल लागले. पाऊण किंमत कमी, तीही काही तासांपुरती, बाजूला घड्याळ उलटं पळतंय. कपाटात जागा लागत नाही, घरातल्यांना खोका दिसत नाही, त्यामुळे बोलणी खायचाही प्रश्न नाही. मे २०१०मध्ये ‘हम्बल इंडी बंडल’ने तर किंमत ग्राहकानेच ठरवावी असं जाहीर करून एकगठ्ठा गेम विकले आणि १२ लाख डॉलरहून जास्त जमवले. एक गेम हवा म्हणून गठ्ठा घेतलेल्यांच्या यादीत बाकीचे आपोआप येऊन बसले.

एप्रिल २०१४मध्ये ‘आर्स टेक्निका’ या संकेतस्थळाने स्टीमच्या खात्यांची नमुना पाहणी करून अंदाज बांधला : नोंदलेल्या सुमारे ७८ कोटी गेमपैकी ३७ टक्के गेम एकदाही सुरू केलेले नव्हते. थॉमासन यांच्या कपाटातला पाव हिस्सा इथे तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला होता, आणि यातल्या बहुतेकांनी स्वतःला संग्राहक कधी म्हटलंही नव्हतं.

भारतात नोव्हेंबर २०१५पासून स्टीमच्या किमती रुपयांत दिसू लागल्या आणि इथल्या याद्याही फुगल्या. मग फुकट ते पौष्टिक! डिसेंबर २०१८मध्ये उघडलेल्या एपिक गेम्सच्या दुकानाने गेम वाटायलाच सुरुवात केली. मे २०२०मध्ये ‘जीटीए ५’ फुकट ठेवल्यावर इतकी झुंबड उडाली की एपिकचं दुकानच कोलमडलं. टाळेबंदी होती, वेळ होता, तरी त्या गर्दीतल्या किती जणांनी तो संपवला हा वेगळाच प्रश्न.

वेळेची बाजूही कठीण होत गेली. ‘द विचर ३’ची मुख्य कथा संपवायला साधारण पन्नास तास लागतात, ‘पर्सोना ५’ला शंभराच्या आसपास. नोकरी, प्रवास आणि संसार सांभाळून आठवड्याला चार तास काढणाऱ्याला एकटा ‘पर्सोना’ सहा महिने पुरतो. दरम्यान २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार त्या वर्षी निम्म्या ग्राहकांनी जास्तीत जास्त चार गेम खेळले, आणि एकूण खेळण्याच्या वेळेपैकी १५ टक्केच वेळ त्या वर्षीच्या गेमना मिळाला.

हे झालं हौशी लोकांचं. पैसेवाल्यांच्या बाजारात न खेळणं हीच मोलाची गोष्ट ठरली. ११ जुलै २०२१ला ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. प्लॅस्टिक फोडलं की किंमत मातीमोल, म्हणून तो गेम कोणी खेळायचा नाही, ही त्या व्यवहाराची अटच म्हणायची. या बाजारातल्या अवाच्या सवा किमतींवर पुढे शंका घेतल्या गेल्या, प्रकरण कोर्टातही गेलं.

साठवणाऱ्यांना नावं ठेवताना एक मात्र विसरून चालणार नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या अभ्यासानुसार, तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. ती बंद होण्याआधी एका अमेरिकी यूट्यूबरने दोन्ही दुकानांतले सगळे गेम, २२ हजारांहून जास्त डॉलर मोजून, उतरवून घेतले. न खेळता साठवलेला असा ढीगच उद्याच्या अभ्यासकाला कामाला येणार. अर्थात तो खोक्यात किंवा स्वतःच्या डिस्कवर असेल तरच.

कारण स्टीमवर आपण घेतो तो वापराचा परवाना असतो, आणि ऑक्टोबर २०२४पासून पैसे भरताना तसं स्पष्ट लिहिलेलंही दिसतं. थॉमासन यांना त्यांचा संग्रह लिलावात काढता आला. स्टीमचं खातं विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि मृत्युपत्रात लिहून मुलांना देताही येत नाही.