घोडा कोणाचा? बारगीर, शिलेदार आणि भाड्याच्या फौजेचा इतिहास

१/ गुलमर्गला किंवा औलीला वर्षातून आठवडाभर जाणारा हौशी प्रवासी बर्फावर घसरण्याची स्की विकत घ्यावी की भाड्याने, याचा हिशेब मांडतो. वस्तू महाग, उपयोग हंगामी आणि सांभाळण्याचा खर्च मात्र वर्षभराचा. दख्खनच्या पठारावर बर्फ पडत नाही. पण नेमका हाच हिशेब येथील माणसांनी तीनशे वर्षे मांडला. त्यांची वस्तू होती घोडा, आणि हंगाम होता स्वारीचा. या हिशेबात चूक झाली तेव्हा केवळ पैसा गेला नाही, मुलूख गेला. त्या मुलखात आजचा धाराशिव जिल्हाही होता. #धागा

२/ प्रारंभ उमरग्यापासूनच करता येतो. उमरग्याजवळचे गुंजोटी हे निजामाच्या राज्यात पायगा जहागिरीचे ठाणे होते. पायगा म्हणजे हैदराबादच्या शम्स-उल-उमरा घराण्याला मिळालेला इलाखा. निजामाच्या खास घोडदळाचा खर्च त्याच्या उत्पन्नातून चालावा, हा त्या देणगीमागील हेतू होता. फारसीतील ‘पायगाह’ हा शब्द मराठीत ‘पागा’ झाला. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, आणि त्यावरून त्या तबेल्यावर पोसले जाणारे घोडदळ. थोडक्यात, घोडा उभा राहावा म्हणून आधी जमीन बाजूला काढावी लागे.

३/ घोडा बाळगणे इतके खर्चिक का होते? तलवार भिंतीला टांगून ठेवता येते. घोडा ठेवता येत नाही. तो बारा महिने खातो. त्याला कडबा लागतो, चंदी लागते, पाणी लागते, नाल बदलावे लागतात, मोतद्दार लागतो. स्वारी मात्र आठच महिन्यांची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून सैन्य बाहेर पडे आणि पावसाळ्यापूर्वी परत येई. चार महिने नद्या दुथडी भरून वाहत आणि काळ्या मातीत घोड्याचे पाय रुतत. त्या चार महिन्यांत घोडा काही मिळवून देत नसे; खाणे मात्र थांबत नसे.

४/ या प्रश्नाची दोन उत्तरे मराठी लष्करात एकाच वेळी नांदत होती. शिलेदार हा स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्र धारण करणारा. बारगीर हा सरकारी घोड्यावर बसे. घोडा पागेचा, त्याचा खर्च पागेचा. शिलेदाराला वेतन अधिक, कारण त्यात घोड्याचे भाडे धरलेले असे. बारगिराला वेतन कमी, पण डोक्यावर भांडवलाचे ओझे नसे. एकाने घोडा विकत घेतला होता. दुसऱ्याला तो काम होईपर्यंत मिळाला होता.

५/ वरवर पाहता राज्याला शिलेदार स्वस्त पडतो. घोडा विकत घेण्याचा भार त्याचा, पावसाळ्यातील चंदी त्याची, घोडा आजारी पडला तर चिंताही त्याची. स्वारी संपली की हिशेब चुकता. मग शिवाजी महाराजांनी पागेवर इतका भर का दिला? या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या वहीत सापडत नाही. ते रणांगणावर सापडते.

६/ शिलेदाराचा घोडा हे त्याच्या घराचे सर्व भांडवल असे. पुष्कळदा त्यासाठी सावकाराचे कर्ज काढलेले असे. घोडा पडला की शिलेदाराची शिलेदारी गेली. उद्यापासून तो दुसऱ्याच्या घोड्यावरचा बारगीर, किंवा पायदळातला माणूस. लढाईत काही वेळा नुकसानभरपाई मिळे. परंतु ती मिळेपर्यंत घर कसे चालावे? म्हणून जिवावर उदार होणारा शिलेदारसुद्धा घोड्याच्या बाबतीत जपून असे. बारगिराला ही भीती नव्हती. घोडा गेला तरी पागेतून दुसरा मिळण्याची आशा होती.

७/ दुसरे कारण सत्तेचे. घोडा ज्याचा, मर्जी त्याची. शिलेदारांची तुकडी आपल्या म्होरक्याच्या शब्दावर येई, आणि रुसली तर त्याच शब्दावर परतही जाई. पागेचा घोडा कोठेही जाऊ शकत नसे. तो सरकारचा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत ही व्यवस्था स्पष्ट नोंदवली आहे. पागा बलवान करून शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवण्यात आले होते.

८/ सभासदाने सांगितलेली पागेची रचना तपशीलवार आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची तरतूद अशी रचनेतच बसवलेली होती. घोडा सरकारचा म्हटला की त्याची तहानही सरकारची होते.

९/ पावसाळ्यासाठी सैन्य छावणीत परतण्यापूर्वी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवल्या जात. चिपळूण परिसरातील छावणीच्या अंमलदारांना १६७० च्या दशकात गेलेले महाराजांचे पत्र याच काळजीचे आहे. साठवलेली वैरण आरंभीच उधळली तर पुढे घोडे उपाशी मरतील, आणि शिपाई रयतेच्या घरात शिरून दाणा, गवत, लाकूड, भाजी ओढून आणू लागतील, असा इशारा त्यात आहे. आगीची भीतीही सांगितली आहे: दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तरी गंजी पेटू शकते. सरकारी मालकीचा खरा खर्च हा होता. चार महिन्यांच्या कारभारात ढिलाई झाली, तर तिची किंमत कुणबी मोजणार.

१०/ तरीही महाराजांनी शिलेदार बंद केले नाहीत. सभासदाच्या आकड्यांनुसार पागेचे घोडेस्वार ४५,००० आणि शिलेदार ६०,००० होते. बखरीतील आकडे जपून वापरावे लागतात. पण प्रमाण बोलके आहे. कायमचा कणा सरकारी मालकीचा आणि हंगामात वाढणारी गरज भाड्याची. भाड्याच्या घोड्यांची संख्या जास्त, पण हुकूम पागेचा. ‘विकत की भाड्याने’ या प्रश्नाला दिलेले हे मिश्र उत्तर होते.

११/ मुघलांचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. मनसबदाराला ठरावीक स्वार ठेवण्यासाठी पगार किंवा जहागीर मिळे. मग हजेरीच्या दिवशी उसने घोडे आणि उसनी माणसे उभी करायची आणि एरवी तबेला रिकामा ठेवायचा, ही युक्ती निघाली. तिला आळा घालण्यासाठी अकबराने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा चेहरा नोंदवण्याची पद्धत लागू केली. अलाउद्दीन खिलजीनेही त्यापूर्वी डाग वापरला होता. भाड्याने घेतलेली वस्तू खरोखर जागेवर आहे का, हे तपासणे हाही एक खर्चच असतो.

१२/ पेशवाईत राज्याचा विस्तार झाला आणि तोल बदलला. अटकेपासून बंगालपर्यंत धावणाऱ्या फौजा केवळ सरकारी पागेवर पोसणे अवघड होते. सरंजामदार आणि शिलेदार यांच्यावरील भिस्त वाढली. स्वारीपूर्वी शिलेदाराला घोडा सज्ज करण्यासाठी आगाऊ रक्कम मिळे. तिला ‘नालबंदी’ म्हणत. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा ‘बारगीर’ शब्दावरून तेथे ‘बर्गी’ हा शब्द रूढ झाला. मुलांना भीती घालण्यासाठी बंगाली घरांत तो दीर्घकाळ वापरला गेला. परक्याच्या घोड्यावर बसणाऱ्या गरीब स्वाराचे नाव एका प्रांताच्या स्मृतीत असे राहिले.

१३/ आता घोड्यावरून फौजेकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या निजामाने पुढचे पाऊल टाकले: संपूर्ण फौजच भाड्याने. इंग्रजांची तैनाती फौज त्याने स्वीकारली आणि तिच्या खर्चापोटी १८०० च्या तहाने बळ्ळारी, कडप्पा वगैरे प्रदेश कंपनीला कायमचा दिला. त्याच तहात आणखी एक कलम होते. युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला पाठवायचे. युद्धप्रसंगी, म्हणजे अधूनमधून.

१४/ या कलमातून पुढे हैदराबाद कंटिंजंट उभी राहिली. हेन्री रसेल रेसिडेंट असताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली तिचा पाया घातला गेला. गरज प्रासंगिक होती, पण फौज बाराही महिने उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाचा. शांततेच्या काळात ही फौज ठेवण्याचे बंधन १८०० च्या तहात नाही, हे गव्हर्नर जनरल डलहौसीलाही मान्य करावे लागले होते. तरी थकबाकी चढत गेली. भाडे निजाम देत होता; लगाम मात्र दुसऱ्याच्या हाती होता.

१५/ १८५३ च्या मे महिन्यात हिशेब मिटवला गेला, तो जमिनीने. नासिर-उद-दौला या निजामाने कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा सरहद्दीचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्या मोबदल्यात किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या ठेवण्याचे ठरले. उमरग्याहून सोलापूरकडे जाताना वाटेत जो नळदुर्गचा किल्ला लागतो, त्याच्या भोवतालचा कारभार ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला. येथील शेतकऱ्याचा सारा आता एका भाड्याच्या फौजेचा पगार होता.

१६/ १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्यानंतर १८६० च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्याने घेतले. घोड्यांच्या भाड्यापासून सुरू झालेली गोष्ट प्रांताच्या भाड्यापाशी आली. दुसऱ्याच वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. ज्या फौजेसाठी वऱ्हाड गेले, ती फौजही स्वतंत्र उरली नाही.

१७/ या कंटिंजंटच्या घोडदळात जुना शिलेदार नव्या रूपात जिवंत होता. इंग्रज त्या पद्धतीला ‘सिल्लादार’ म्हणत. स्वाराची जागा म्हणजे ‘असामी’. एकाच शिलेदाराच्या अनेक असाम्या असू शकत; त्याच्या घोड्यांवर दुसरेच बारगीर बसत. म्हणजे घोडा हे लढण्याचे साधन होते, तसेच पैसा गुंतवण्याचेही. पुढे बहुतेक रिसाल्यांत एक स्वार, एक घोडा अशी रीत आली. स्वार भरती होताना रक्कम जमा करी, आणि मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घेण्यासाठी पगारातून दरमहा चंदा कापला जाई.

१८/ शांततेत ही योजना काटकसरीची ठरली. पहिल्या महायुद्धाने तिची मर्यादा उघड केली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत, हाय वुड येथे विसाव्या डेक्कन हॉर्सने भाल्यांनिशी हल्ला केला. ही पलटण हैदराबाद कंटिंजंटचीच वारस. पण समुद्रापलीकडे घोडे आणि माणसे इतक्या वेगाने कमी होत असताना, स्वाराने चंद्यातून घोडा विकत घेण्याची कल्पना टिकणे शक्य नव्हते. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, सिल्लादारी पद्धत संपली. घोडा सरकारने द्यावा, हे सूत्र सर्वत्र लागू झाले. ते पागेचेच सूत्र होते.

१९/ डेक्कन हॉर्स आजही भारतीय लष्करात आहे. तिचे स्वार आता रणगाड्यात बसतात. स्वतःचा रणगाडा घेऊन कोणी चाकरीला येत नाही. गुंजोटीची पायगा हैदराबाद संस्थानाबरोबर संपली. मात्र ‘शिलेदार’ हा शब्द मराठीत अजून मानाचा आहे आणि ‘पागा’ आडनावांत व वाड्यांच्या नावांत उरली आहे. शिलेदाराचा मान त्याच्या मालकीचा होता. त्या मालकीपायी त्याने काढलेले कर्ज मात्र त्या शब्दात दिसत नाही.

२०/ हंगामी वस्तू घ्यावी की भाड्याने आणावी, हे ठरवताना किमतीची बेरीज सर्वांनाच सुचते. दख्खनचा इतिहास आणखी तीन प्रश्न विचारतो. वस्तू मोडली तर नुकसान कोणाचे? उपयोग नसलेल्या महिन्यांत तिला कोण पोसणार? आणि हंगाम संपल्यावर ती परत करण्याचा हक्क कोणाकडे आहे? शिलेदाराला पहिला प्रश्न भोवला. महाराजांनी दुसऱ्याची काळजी कागदावर उतरवली. निजामाने तिसरा विचारलाच नाही. म्हणून सात वर्षे नळदुर्गचा सारा दुसऱ्याच्या तिजोरीत जमा होत राहिला. #धागा_समाप्त