जोडणी तोडायची कशी?

दूरच्या संगणकाशी जोडणी कशी झाली, ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. ती तोडायची कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपण टंकलेले सारे एकाच तारेतून पलीकडे जाते. मग ‘आता पुरे’ हा मजकूर नसून आज्ञा आहे, हे ओळखायचे कोणी?

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हा प्रश्न आलाच नाही. ‘लॉगिन’मधील एल आणि ओ पोचले आणि पलीकडचा संगणक कोसळला!

एक उत्तर टेलिप्रिंटरांसाठी आधीच तयार होते. १९६३च्या ‘आस्की’ संकेतावलीत ४ हा अंक ‘प्रक्षेपण समाप्त’ या खुणेसाठी राखलेला होता. कंट्रोल कळीसोबत डी दाबला की ही खूण उमटते. फळ्यावर मांडून पाहा: डी म्हणजे ६८, द्विमान पद्धतीत १०००१००. कंट्रोल कळ डावीकडचा १ पुसते, उरतात ४. (डी हे चौथे अक्षर असणे हा योगायोग नव्हे. ए म्हणजे ६४ अधिक १.)

युनिक्स प्रणालीने अर्थ थोडा बदलला: ‘आतापर्यंत टंकलेले प्रोग्रामच्या हवाली कर.’ ओळ रिकामी असेल तर हाती शून्य अक्षरे येतात आणि मजकूर संपला असे समजून प्रोग्राम निरोप घेतो. म्हणूनच अर्धवट ओळीवर ही कळ एकदा दाबून जोडणी तुटत नाही.

पण पलीकडचा संगणकच गोठला तर? निरोप ऐकायला कोणीच नाही. अशा वेळी आपल्याच संगणकाला सांगावे लागते. १९८३च्या बीएसडी युनिक्समधील ‘आरलॉगिन’मध्ये नव्या ओळीच्या आरंभी नागमोडी चिन्ह आणि टिंब (~.) टंकायचे. ही जोडी पलीकडे जातच नाही. अलीकडचा संगणक ती अडवून जोडणी तोडतो. फिनलंडच्या तातू यिलोनेन यांनी १९९५ मध्ये, वाटेत कोणी परवलीचा शब्द चोरू नये म्हणून, ‘एसएसएच’ लिहिले. त्यातही हीच खूण चालते. मधल्या संगणकावरून तिसऱ्यावर गेला असाल, तर नागमोडी चिन्ह दोनदा द्यायचे. आपला संगणक एक गिळतो, उरलेली खूण मधल्याला मिळते आणि फक्त पुढची जोडणी तुटते.

आणि निरोप न घेता फोनची लाईनच तुटली तर? उघडे राहिलेले काम पुढच्या अनोळखी माणसाच्या हाती आयते पडायचे. म्हणून युनिक्स अशा वेळी १ क्रमांकाचा ‘हँगअप’ इशारा देते आणि चालू प्रोग्राम बहुधा थांबतात. रात्रभर चालणारी आकडेमोड त्यातून वाचवायची, तर ती ‘नोहप’ या आज्ञेने सुरू करावी लागते.