ग्वाल्हेर आणि अफूची चोरवाट

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी मनाला प्रथम आठवतात ते महादजी शिंदे. संगीताच्या उपासकाला आठवते तानसेनाची समाधी. आणि वृत्तपत्रांच्या वाचकाला आठवतात चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोर. १९६० च्या मे महिन्यात विनोबाजींच्या समोर काही दरोडेखोरांनी आपल्या बंदुका ठेवल्या, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या खोऱ्याकडे लागले होते. त्याच वर्षी ग्वाल्हेरात आणखी एक गोष्ट घडली. भारत सरकारच्या नार्कोटिक्स कमिशनरांचे मुख्य कार्यालय सिमल्याहून तेथे आले. अफूच्या शेतीचे परवाने देणारे आणि तिच्या चोरट्या व्यापारावर नजर ठेवणारे हे खाते आजही तेथेच आहे. दरोडेखोराचा गुन्हा उघड असतो. अफूचा गुन्हा वखारीत, वहीत आणि हुंडीत दडलेला असतो. आणि तो गुन्हा कोणी व कशासाठी ठरविला, हेही पाहावे लागते. ग्वाल्हेर संस्थानाचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे.

उज्जैन, मंदसोर, नीमच हा माळव्याचा सुपीक मुलूख शिंद्यांच्या सत्तेखाली होता. तेथील काळ्या जमिनीत अफूचे पीक उत्तम येई. बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक अळशीच्या तेलात ठेवावयाचा, मग त्याच्या वड्या बांधून पेट्या भरावयाच्या, अशी तेथली रीत होती. शेतकऱ्याला सावकार आगाऊ रक्कम देई, माल व्यापारी उचली, आणि दरबाराच्या पदरात शेतसारा व जकात पडे. शेतकरी कर्जात राही खरा, पण एवढ्या जणांचा संसार त्या एका पिकावर चाले.

इकडे बंगाल व बिहारात ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ पासून अफूचा मक्ता आपल्या हाती घेतला होता. तेथील रयतेने ठरलेल्या भावाने सारी अफू कंपनीला द्यावयाची, आणि कंपनीने ती कलकत्त्याच्या लिलावात विकावयाची, असा हा व्यवहार होता. तो माल चीनमध्ये जाई. चीनच्या बादशहाची बंदी असल्याने चिनी किनाऱ्यावर कंपनीचाच माल चोरटा ठरे. परंतु माळव्याची अफू मुंबईच्या बाजूने त्याच चीनकडे जाऊ लागताच कंपनीला ‘चोरटा व्यापार’ दिसू लागला. १८०५ मध्ये मुंबईहून ही अफू पाठविण्यास मनाई झाली. या मनाईच्या मुळाशी चिनी माणसाच्या आरोग्याची चिंता नव्हती. कलकत्त्याच्या लिलावातील भाव उतरू नये, ही चिंता होती.

मनाईचा परिणाम असा झाला, की व्यापार थांबला नाही, त्याने वाट बदलली. माळव्याच्या पेट्या उंटांवर लादून मारवाडातील पालीस, तेथून वाळवंट ओलांडून सिंधमधील कराचीस, आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जात. या लांबच्या वळशाला विमा होता, हुंडी होती, प्रत्येक टप्प्यावर अडत्या होता. कंपनीने १८२० नंतर स्वतःच माळव्यात माल खरेदी करून पाहिला. त्याने भाव चढले आणि लागवड उलट वाढली. मग होळकर, उदेपूर, कोटा इत्यादी संस्थानांकडून लागवड व वाहतूक आवळणारे करार लिहून घेण्यात आले. शिंद्यांच्या दरबाराने मात्र असा करार केला नाही. प्रथम दौलतराव आणि १८२७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बायजाबाई, अशा दोघांच्या काळात ग्वाल्हेरची ही भूमिका टिकली. स्वतः सावकारीत मुरलेल्या बायजाबाईंना या पिकाचे मोल कोणी शिकविण्याची गरज नव्हती. एवढा मोठा मुलूख मोकळा राहिल्यावर इतर करारांत दम उरला नाही.

अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हे सारे करार सोडून दिले आणि मुंबईचा रस्ता खुला केला. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि परवाना घ्या, असा नवा नियम झाला. तरीही दमणची वाट स्वस्त पडते असे दिसताच १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणावा लागला. १८४३ मध्ये सिंध जिंकून कंपनीने कराचीचा मार्ग बंद केला आणि मग दर भराभर चढविला: १८४३ मध्ये २००, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४०० रुपये. चोरवाट उघडी असेपर्यंत कर हलका, ती मिटताच कर जड; या आकड्यांत त्या धोरणाचे सारे मर्म आले.

दिल्ली विद्यापीठातील इतिहासकार अमर फारुकी यांनी या व्यापाराचा सांगोपांग अभ्यास केला. ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्शन’ हा त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला; पुढे त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे, की कंपनीच्या दप्तरातील हे ‘चोर’ म्हणजे पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील व्यापारी व सावकार होते. कंपनीच्या मक्त्याला त्यांनी आतून सुरुंग लावला, आणि त्यातून साठलेले भांडवल पुढे मुंबईच्या उभारणीस लागले.

हे प्रतिपादन मान्य केले, तरी हिशेबाची दुसरी बाजू विसरता येत नाही. १८३९ मध्ये कँटनजवळ लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या २० हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यांत माळव्याचा मालही होता. त्यानंतर जे युद्ध झाले त्यात चीन हरला, आणि तेथील व्यसनी माणसाच्या घराचा विचार ना कलकत्त्याने केला, ना उज्जैनने. कंपनीला शह देणारा व्यापारी त्या घरापुरता कंपनीचाच भागीदार होता. चीनला होणारी ही निर्यात १९१३ मध्ये थांबली.

आज अफूचे पीक औषधांसाठी घेतले जाते. १९८५ च्या कायद्यान्वये परवानाधारक शेतकऱ्याने आपला सारा चीक ठरलेल्या भावाने सरकारला द्यावयाचा असतो, आणि काळ्या बाजारातील भाव त्याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. वेदनांनी तळमळणाऱ्या रोग्याला मॉर्फीन मिळाले पाहिजे आणि तोच चीक चोरवाटेला लागता कामा नये, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. कंपनीला केवळ आपला नफा राखावयाचा होता. आजच्या खात्याला माणूस राखावयाचा आहे. परंतु दोन भावांमधील जी दरी माळव्याच्या उंटांना कराचीपर्यंत घेऊन गेली, ती दरी मंदसोर-नीमचच्या शेताच्या बांधावर अजून तशीच आहे, आणि ग्वाल्हेरच्या कार्यालयाचा सामना तिच्याशीच आहे.