चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्षीच मिळाली पीएच.डी.; अर्थशास्त्रातली डॉक्टरेट नेमकी कशी पूर्ण होते?

२० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकर पोहोचले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट अजून बाकी होती. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातली पीएच.डी. त्यांना अधिकृतपणे मिळालेली नव्हती. ती मिळाली ८ जून १९२७ रोजी. म्हणजे महाडचा मार्चमधला सत्याग्रह आणि त्याच गावातलं २५ डिसेंबरचं मनुस्मृती दहन, या दोन घटनांच्या मधोमध.

कोलंबियात त्यांनी पाऊल ठेवलं होतं १९१३ साली. मग पदवीला १४ वर्षं का लागली?

पैसा संपला, पुस्तकं बुडाली

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची होती. तेवढ्या काळात आंबेडकरांनी कोलंबियात एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. त्यासाठीचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर होता. मार्गदर्शक होते एडविन सेलिगमन, सार्वजनिक वित्त या विषयातलं त्या काळचं मोठं नाव.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि जून १९१७ मध्ये परतावं लागलं. पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली होती. पहिलं महायुद्ध सुरू होतं, जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. लॅपटॉप क्रॅश झाला आणि बॅकअप नव्हता, अशी आजची तक्रार असते. इथे बॅकअपचा प्रश्नच नव्हता.

मग बडोद्यातली नोकरी. तिथे जातीमुळे राहायला जागा मिळेना, म्हणून मुंबईला परत. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. उरलेली रक्कम कोल्हापूरचे शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने उभी राहिली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

प्रबंध परत आला तेव्हा

लंडनला १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली आणि पुढचा टप्पा होता डी.एस्सी. विषय रुपयाचा प्रश्न. १८९३ पासून सरकारने लोकांसाठी चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं होतं आणि रुपयाचा दर सोन्याशी, पर्यायाने पौंडाशी बांधला होता. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने ही व्यवस्था उचलून धरली होती. आंबेडकरांचा मुद्दा वेगळा होता: परदेशी चलनात रुपयाचा दर स्थिर आहे की नाही यापेक्षा त्याच रुपयात बाजारात किती माल येतो हे महत्त्वाचं, आणि सरकारला हवे तेवढे रुपये काढायची मोकळीक असेल तर महागाईची झळ सामान्य माणसाला बसते.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधावर आक्षेप घेतले आणि तो पुन्हा लिहायला सांगितलं. आंबेडकर मुंबईला आले. चरित्रकारांच्या म्हणण्यानुसार, त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा पाठवला, नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. वर्ष संपायच्या आत तो पुस्तक म्हणून बाजारातही आला, प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. कॅननना त्यातले काही मुद्दे पटले नव्हते, तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली.

योगायोग असा की त्याच ऑगस्टच्या ४ तारखेला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. १९२७ चा सत्याग्रह त्या कागदाची अंमलबजावणी करण्यासाठी होता.

कोलंबियाचं काय? त्या काळी तिथला नियम होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पीएच.डी. हातात पडायची नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये लंडनला छापून निघालं. प्रस्तावना सेलिगमन यांची आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांना. त्यानंतर दोन वर्षांनी पदवी.

(रिझर्व्ह बँक आंबेडकरांनीच स्थापन केली, असा फॉरवर्ड दर एप्रिलमध्ये फिरतो. नेमकं असं आहे: हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. महाडचा थेट संबंध हवाच असेल तर बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा.)

आज महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्याला काय करावं लागतं?

एम.ए. झाल्यावर पहिली पायरी नेट. जून २०२४ पासून या परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो. सगळ्यात वरच्या गटाला जेआरएफ, म्हणजे पाठ्यवृत्ती. त्याखालच्या गटाला सहायक प्राध्यापकपदाची आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेश. पाठ्यवृत्ती नसलेल्या दोन गटांसाठी प्रवेशाच्या वेळी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, मराठीत नाही. आणि खरा अडसर बऱ्याचदा भाषेपेक्षा गणिताचा. बी.ए.ला कलन किंवा सांख्यिकी जेमतेम शिकलेल्या मुलाला अर्थमितीचं पुस्तक उघडलं की घाम फुटतो. हे एम.ए.च्या दोन वर्षांतच भरून काढलेलं बरं.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, मग विषयाचा आराखडा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, फेरनोंदणी करून आणखी २. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. याच नियमांनी प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, तरी एकदोन छापलेले बरेच, कारण पुढे नोकरीच्या मुलाखतीत ते विचारले जातात.

अमेरिकेत रचना वेगळी. पहिलं वर्ष सूक्ष्म, स्थूल आणि अर्थमिती या तीन विषयांचं, मग पात्रता परीक्षा. ती पार झाली नाही तर बरेच जण एम.ए. घेऊन बाहेर पडतात. त्यानंतर साधारण तीन निबंध मिळून प्रबंध होतो आणि त्यातला सगळ्यात दमदार निबंध नोकरीच्या बाजारात मांडतात. सगळं मिळून पाच-सहा वर्षं.

पैशाचं गणित मात्र शंभर वर्षांत फारसं सुटलेलं नाही. जेआरएफ महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनंतर ४२ हजार. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पाठ्यवृत्त्या आहेत. तीही नसेल तर नोकरी करत संशोधन, आणि पोलादपूरहून कलिना म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटर. मार्गदर्शकाच्या दर भेटीला एक दिवस आणि एसटीचं भाडं.

विषय मात्र घराजवळही सापडतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडची बाजारपेठ किती काळात सावरली? तळिये दरडीनंतरच्या पुनर्वसनाचा घरांच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला? मुंबईला गेलेल्यांची भातशेती पडीक राहते ती कशामुळे? अशा प्रश्नांची आकडेवारी दिल्लीच्या टेबलावर मिळत नाही, ती वाडीवर जाऊन गोळा करावी लागते. स्थानिक मुलाला तिथे बाहेरच्यापेक्षा दार लवकर उघडतं.

शेवटी प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अहवाल यायला महिने लागू शकतात, दुरुस्त्याही येतात. मग तोंडी परीक्षा. छापील प्रतींची जागा आता ‘शोधगंगा’ने घेतली आहे: प्रबंध इन्फ्लिबनेटच्या या संकेतस्थळावर चढवला जातो आणि कुणालाही फुकट वाचता येतो. स्वतःचा विषय ठरवण्याआधी तिथे शोधून पाहा, त्यावर आधीच किती प्रबंध झालेत ते कळेल.