खांदेरीचा दीप

आपले इंदूर समुद्रापासून दूर. परंतु टपालाच्या तिकिटावर बसून समुद्र येथेही येतो. १९९९ साली भारतीय टपाल खात्याने सागरी परंपरेविषयी तिकिटे काढली. त्यांतील एकावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील गुराब आहे. त्याच कान्होजींचे नाव आज एका दीपगृहाने धारण केले आहे. ते दीपगृह खांदेरीचे.

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर हे चिमुकले बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी तेथे तटबंदी आरंभिली. जंजिऱ्याच्या सिद्दीला पायबंद बसावा आणि मुंबईकर इंग्रजांवर नजर राहावी, हा हेतू उघड होता. बेट आमचे, असा दावा करून इंग्रजांनी जहाजे धाडली. ती मोठी आणि तोफांनी सज्ज. पण वारा पडला की जागची हलत ना. मराठ्यांच्या उथळ, चपळ होड्या मात्र वल्ही मारीत रात्री निसटत आणि बेटावरील मायनाक भंडारी याच्या माणसांना रसद पोहोचवीत. ऑक्टोबरात समोरासमोर झुंज झाली, तरी तटाचे काम थांबले नाही. अखेर तह होऊन इंग्रजांची जहाजे मुंबईस परतली. पुढे १७१८ साली, कान्होजींच्या अमदानीत, खांदेरी घेण्याचा त्यांचा प्रयत्न पुन्हा फसला.

पेशवाई बुडाल्यावर बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ साली तेथे अष्टकोनी दीपगृह उभे राहिले. ज्या बेटाचे भय मुंबईने दीड शतक बाळगले, तेथेच मुंबईच्या जहाजांसाठी दिवा लावावा लागला! यात नवल नाही. ज्या जागेवरून बंदराची वाट अडविता येते, त्याच जागेवरून ती दाखविताही येते. महाराजांनी जागा किती अचूक हेरली होती, याची साक्ष त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीच दिली.

१९९८ साली बेटाला कान्होजींचे नाव मिळाले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत खांदेरीही आहे. गौरव झाला, राखण उरली आहे. खारा वारा आणि लाटा तटाला अहोरात्र झिजवीत असतात. दिव्याची निगा जहाजांच्या गरजेपोटी राखली जाईल. तटाला मात्र आपल्या स्मरणावाचून दुसरा वाली नाही.