फाशीची डेडलाईन

दरवर्षी मार्च संपत आला की आमच्याकडे अप्रेझलचे फॉर्म येतात. त्यात एक रकाना असतो: येत्या पाच वर्षांतलं तुमचं उद्दिष्ट लिहा, आणि ते मोजता येईल असं लिहा. तीन वर्षांपूर्वी मी तिथे 'टीम लीड' लिहिलं होतं, गेल्या वर्षी 'आर्किटेक्ट'. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचं बघून लिहिलं. (त्यानेही कुणाचं तरी बघूनच लिहिलं असणार.) यंदा मात्र रकाना दोन आठवडे रिकामाच राहिला, कारण फॉर्म आला त्याच संध्याकाळी दिग्रसहून बाबांचा फोन आला. आमच्या सहा एकराला गिऱ्हाईक आलंय. "तुले शेवटी इकडं यायचंच नसन तर पेरणीच्या आधी सांगून टाक ना एकदाचं," बाबा म्हणाले.

म्हणजे झाले दोन फॉर्म. एकाचं उत्तर कीबोर्डवर द्यायचं, दुसऱ्याचं फोनवर, आणि प्रश्न एकच: पुढे तुझं काय ठरलंय?

अशा वेळी लोक सेल्फ-हेल्पची पुस्तकं वाचतात. माझी खोड वेगळी आहे, मी मागे जातो. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या, त्यातही पुसद-दिग्रस पट्ट्यातल्या माणसाने मागे जायचं म्हटलं की वाटेत एक पाईप ओढणारा माणूस भेटतोच. आमच्याकडे शाळेपासून पतसंस्थेपर्यंत कुठेही त्यांचा फोटो असतो. लहानपणी मला वाटायचं, फोटोत पाईप असलेला माणूस म्हणजे साहेब, आणि फेटा असलेला म्हणजे शेतकरी. हे दोन्ही एकच असू शकतात हे कळायला बरीच वर्षं गेली.

वसंतराव नाईक. जन्म १ जुलै १९१३, पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यावर. बंजारे म्हणजे एकेकाळचे देशाचे ट्रान्सपोर्टवाले. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. वर इंग्रजांनी अनेक ठिकाणी या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. अशा तांड्यावरचा मुलगा गावोगावच्या शाळा बदलत अमरावती आणि नागपूरला गेला, मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाला, १९४० साली एलएल.बी. झाला आणि परत येऊन पुसदला वकिली करू लागला. १९४१ साली नागपूरच्या वत्सलाताई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा, साल १९४१! आजही काही घरांत एवढ्यावर जेवणाची ताटं बाजूला सारली जातात, तेव्हाचं काय सांगावं. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार (तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो), मग द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री. मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून जास्त. एवढं सलग नंतर कोणालाच जमलेलं नाही.

पण मला लिहायचंय ते १९६५ सालाबद्दल.

तेव्हाचा काळ आठवा. म्हणजे आपल्यापैकी कुणालाच आठवणार नाही, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. देशात धान्याची टंचाई, पाकिस्तानशी युद्ध, अमेरिकेहून पीएल-४८० च्या करारावर गहू यायचा तेव्हा रेशन मिळायचं. शास्त्रीजी लोकांना एक वेळ उपास करा सांगत होते. अशा वातावरणात पुण्यात, शनिवारवाड्यासमोरच्या सभेत नाईकांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला इथेच फाशी द्या.

आता माझ्यातला इंजिनिअर लगेच कान टवकारतो. दोन वर्षांची डेडलाईन! पावसावर अवलंबून असलेला प्रोजेक्ट, सिंचन नाममात्र, आणि मॅनेजर स्वतःच सभेत उभा राहून क्लायंटला तारीख देऊन आलाय. आमच्याकडे असं कुणी केलं तर टीम पार्किंगमध्ये जमून त्याच्या नावाने शंख करते.

नाईकांच्या हातात एक नवी गोष्ट मात्र होती. १९६४ साली संकरित ज्वारीचं देशातलं पहिलं वाण, सीएसएच-१, बाहेर आलं होतं. बुटकं, लवकर येणारं आणि भरघोस कणसाचं. या बियाण्याचा त्यांनी ध्यास घेतला. आमच्या आजीकडून या ज्वारीच्या तक्रारी मी लहानपणी भरपूर ऐकल्यात: कडबा आखूड, परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा पडतो, भाकरीला चव नाही. 'हायब्रीड' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखाच वापरतात. जरा धावून धाप लागली की आजी म्हणायची, "हायब्रीड खाऊन वाढलेली पोरं, काय दम असन!" पण त्या आजीनेच हेही सांगितलंय की हायब्रीड आली तेव्हा घरात पहिल्यांदा पोत्यांची थप्पी लागली.

मग दोन वर्षांनी काय झालं?

काही नाही. म्हणजे डेडलाईन हुकली. १९६५-६६ आणि पाठोपाठ १९६६-६७ अशी दोन वर्षं देशावर दुष्काळाची गेली. ज्वारी आकाशाकडे बघून येते, भाषणाकडे बघून येत नाही. नाईकांना अर्थातच कुणी फाशी दिलं नाही. लोकांनी १९६७ आणि १९७२ अशा दोन्ही निवडणुकांत त्यांच्या पक्षाला निवडून दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर ती राजकारण्याच्या थापेची गोष्ट झाली असती. ती तशी नाही असं मला वाटतं, कारण तारीख हुकल्यावर माणसाने काम सोडलं नाही. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ निघालं, १९६९ साली अकोल्याला, १९७२ साली परभणी आणि दापोलीला. चार वर्षांत चार विद्यापीठं. निवडणूक जिंकण्यासाठी कुणी विद्यापीठ काढत नाही. त्याचं पीक यायला वीस वर्षं लागतात आणि तोवर खुर्चीवर दुसराच बसलेला असतो.

(वाशी-ऐरोलीत ऑफिस असलेल्यांसाठी सहज सांगतो, १९७० साली सिडको स्थापन झाली ती याच माणसाच्या कारकीर्दीत. आणि शिवसेनेला 'वसंतसेना' म्हणून चिडवायचे तेही यांच्यामुळेच. तेव्हा देव्हाऱ्यात बसवायची घाई नको.)

आणि मग आला १९७२ चा दुष्काळ. आधीच्या सगळ्या अपयशांपेक्षा मोठा. आमचा भाग त्यातल्या त्यात वाचला, पण मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात विहिरी तळाला गेल्या. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी, हे दोन शब्द त्या पिढीच्या माणसासमोर नुसते उच्चारून बघा, चेहरा बदलतो. ज्या राज्याच्या मुख्यमंत्र्याने सात वर्षांपूर्वी स्वयंपूर्णतेसाठी गळा पुढे केला होता, ते राज्य परदेशातली जनावरांची ज्वारी खात होतं. उद्दिष्ट मोजून गुण द्यायचे तर शून्य.

तरीही एवढ्या मोठ्या दुष्काळात लाखो माणसं मेली नाहीत. यापूर्वी याहून लहान दुष्काळात मेली होती. हे कसं झालं यावर ज्याँ ड्रेझसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय, आणि त्याचं सार असं की धान्य पिकलं नव्हतं, पण लोकांच्या हातात मजुरी होती. सरकारने कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. ज्याच्या हातात पैसा होता त्याच्यापर्यंत धान्य कुठून ना कुठून पोचलं.

याची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ सालीच, म्हणजे फाशीच्या भाषणाच्याच वर्षी, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा लहानसा प्रयोग केला होता. मागेल त्याला काम. एकीकडे मोठ्या सभेत मोठं वचन, दुसरीकडे एका खेड्यात पायलट. १९७२ ला कामी आला तो पायलट. पुढे त्याचा रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली देशाने जो ग्रामीण रोजगार हमी कायदा केला त्याचं मूळ इथलं.

मी यावर बराच विचार केला. नाईकांनी मोजायला घेतलेली गोष्ट होती क्विंटल. त्यांना हवी असलेली गोष्ट होती, कुणी उपाशी राहू नये. १९६५ साली या दोन्ही एकच वाटत होत्या. १९७२ ने दाखवलं की त्या वेगळ्या आहेत, आणि त्यांच्या सरकारला ते वेळेत उमगलं. क्विंटलला चिकटून बसले असते तर रिपोर्ट लिहीत बसले असते.

पण हीच चूक पुढे त्यांच्याच जिल्ह्यात फार महागात पडली. तिथे मात्र ती कुणाला वेळेत उमगली नाही. क्विंटल वाढले, शेतकऱ्याच्या हातातला पैसा वाढला नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, काही वर्षं चालली, मग तोट्यात आणि उशिरा मिळणाऱ्या चुकाऱ्यांत रुतली. १९ मार्च १९८६ रोजी पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर आमच्या जिल्ह्याचं नाव देशाला कशासाठी माहीत झालं ते मी सांगायला नको. जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज आलं, यवतमाळ त्यातच. कॉलेजात ओळख करून देताना मी 'यवतमाळ' म्हटलं की समोरच्याचा आवाज आपोआप हळू व्हायचा. ते मला फार लागायचं. १ जुलैला, नाईकांच्या जयंतीला, महाराष्ट्रात कृषी दिन असतो. आमच्याकडे त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की गप्प बसावं हे कळत नाही.

असो. जरा दुसऱ्या माणसाकडे वळतो. जिल्हा तोच, तऱ्हा वेगळी.

बापूजी अणे. जन्म १८८०, वणी. यवतमाळला वकिली, टिळकांचे पट्टशिष्य. यांचा रेझ्युमे आजच्या एचआरच्या हातात पडला तर ते म्हणतील, फार उड्या मारतो हा. १९२६ च्या सुमारास काँग्रेसच्या मुख्य धोरणाविरुद्ध प्रतियोगी सहकारितावाल्यांत. १९३० साली पुन्हा कायदेभंगात: १० जुलैला पुसदजवळच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि अटक झाली. (गहुलीचा वसंता त्याच महिन्यात सतरा वर्षं पूर्ण करत होता, हे मला उगाच महत्त्वाचं वाटतं.) १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून मालवीयांबरोबर वेगळा पक्ष. १९४१ मध्ये थेट व्हाइसरॉयच्या मंडळात, आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथून राजीनामा. नंतर सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी, मग बिहारचे राज्यपाल, आणि ऐंशीला टेकल्यावर वेगळ्या विदर्भासाठी लोकसभेत. विदर्भ काही झाला नाही.

अशा माणसाचं पाच वर्षांचं उद्दिष्ट काय लिहिणार? पण एक धागा सुटला नाही. टिळक १९२० साली गेले. अण्यांनी म्हातारपणी त्यांच्यावर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, हजारो श्लोकांचं, 'श्रीतिलकयशोऽर्णव'. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले. काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ साली मिळाला, तो घ्यायला कवी नव्हता. तो मोजायला कुणी फॉर्मही दिला नव्हता.

अण्यांसारखं जगणं मला झेपणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला डेडलाईन लागते. नाईकांचा हिशोब मात्र समजतो. त्यातलं चुकलेलंही.

परवा होमलोनच्या कागदांसाठी सॅलरी स्लिप काढली. कपातीत 'प्रोफेशनल टॅक्स २००' अशी एक ओळ असते, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. आपण कधी विचारत नाही हे कशाचे. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली लागला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो करार होता. इतकी वर्षं माझ्या पगारातून तो करार दर महिन्याला पाळला जातोय आणि मला पत्ताच नाही.

अप्रेझलच्या रकान्यात मी शेवटी लिहिलं: आमच्या टीमचं जे सॉफ्टवेअर गोदामवाले वापरतात ते महिन्यातून एकदा त्यांच्याशेजारी बसून बघणार. मॅनेजरने शेरा मारला, हे मोजता येत नाही. मी खाली लिहिलं, वर्षातून बारा वेळा. तो 'ओके' म्हणाला.

बाबांना फोन केला. म्हटलं, मृगापर्यंत गिऱ्हाइकाला थांबवा, मी आठवडाभर सुट्टी टाकून येतो. सातबारा, विहिरीचं पाणी, पाच वर्षांचा जमाखर्च सगळं घेऊन बसू. आणि एक दिवस गहुलीला जाऊन येऊ. हायब्रीड ज्वारी कुणाच्या शेतात दिसली तर फोटो काढायचाय.

"ये ना," बाबा म्हणाले. "पण ज्वारी पाहाची असन तर दुसरीकडं पाह्य. आपल्या इकडं सगळा कापूस न् सोयाबीन. ज्वारी आता कोनी पेरत नाही."