मुक्या अंगाची गिटार

भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली आणि ॲम्प्लिफायर बंद असला, तर तिचा आवाज बंद दाराबाहेर सहसा जात नाही. सतारीत भोपळा आणि साध्या गिटारीत लाकडी पेटी नाद मोठा करते. इथे ते काम पिकअपकडे असते. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीजप्रवाह उमटतो. अंग पोकळ असण्याची गरज त्यामुळे संपली. ते ताठ राहावे आणि सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण त्याने सोसावा, एवढे पुरते.

वाद्य घडवणारे हात बहुधा दुसऱ्याच धंद्यातून आलेले दिसतात. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम ओसरले तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा वापरून त्यांनी उभ्या केलेल्या या परंपरेतल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज मिरजेत अनेकांचे आडनावच सतारमेकर आहे.

लॉस एंजेलिसमध्येही असेच घडले. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांचा कारखाना टूल-अँड-डायचा, म्हणजे अवजारे आणि साचे बनवण्याचा होता. जॉर्ज बीचम यांनी त्यांच्याबरोबर १९३२ मध्ये जी गिटार बाजारात आणली, तिचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे होते. गोल अंग आणि लांब मान यांमुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव पडले. तिच्या पिकअपचे पहिले वेढे देण्यासाठी बीचम यांनी वॉशिंग मशीनची मोटार वापरली होती. पुढे १९४०च्या सुमारास लेस पॉल यांनी पाइनच्या चौकोनी ओंडक्याची गिटार केली.

घरगुती कामाचा सर्वांत देखणा नमुना मात्र लंडनजवळचा. ऑगस्ट १९६३ मध्ये पुढे रॉक गिटारवादक म्हणून गाजलेल्या, तेव्हा सोळा वर्षांच्या ब्रायन मे यांनी इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांसह काम सुरू केले. मान जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून निघाली, अंगातले ओक जुन्या टेबलाचे, पट्टीवरच्या खुणा शिंपल्याच्या गुंड्यांच्या. सूर हलवणाऱ्या कंपदांड्याखाली मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवल्या. सुमारे दोन वर्षांत ती उभी राहिली. ज्या गायक फ्रेडी मर्क्युरींच्या गाण्याला तिची साथ जगभर ऐकली गेली, त्यांचे बरेचसे शालेय शिक्षण पाचगणीत झाले होते.

महाराष्ट्रात विजेवर वाजणारे ओळखीचे तंतुवाद्य म्हणजे बेंजो. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून केलेले ‘ताइशोगोतो’ भारतात बुलबुल तरंग झाले. त्यालाच पिकअप जोडून बेंजो पार्ट्यांनी ते वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत नेले.

गिटार घडवायला लागणारी कामेही महाराष्ट्रात होतात. एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १९६२ची. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि नंतर चाकण येथे वाढलेल्या उद्योगांत ॲल्युमिनियमचे डाय-कास्टिंग, दुचाकीच्या स्प्रिंग आणि मोटारींचे रिवाइंडिंग ही रोजची कामे आहेत. बीचम आणि मे यांना जे जमवावे लागले ते या पट्ट्यात हाताशी आहे. पडद्यांच्या मापात मात्र सूट नाही. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल, तर ती १७.८१७ ने भागून पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार दिला की दुसरा. लाकूड भंगारातले चालेल, पण पडदा जागेवरून सरकला तर सूर बिघडतो. लेथवर काम करणाऱ्याला ही शिस्त शिकवावी लागत नाही.

आवाजाचा दुसरा प्रश्न वीजतारांचा. पिकअप तारेच्या कंपाबरोबर आसपासच्या मोटारींचे आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही पकडतो, आणि ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्याची घरघर स्पीकरमधून येऊ लागते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली: दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट जोडलेली, आणि त्यांचे चुंबकही उलट. बाहेरची घरघर परस्परांत वजा होते, तारेचा सूर मात्र दुप्पट होऊन मिळतो. ट्यूबलाइट, डिमर यांची खरखर रोखण्यासाठी गिटारच्या खाचेला आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो सर्किटच्या ग्राउंडला जोडतात. वेढे मेणात बुडवले की तेही हलत नाहीत, आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारत नाही.